चालू कामाचे फोटो कसे टाकता? (एक धागा, दहा धागे, की पूर्ण झाल्यावरच?)

शनिवार_सुतार

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या फोरमवर नुसताच वाचतोय, आज पहिला धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लाकूडकाम हौसेचं, सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढं. सध्या तीन कामं अर्धवट आहेत. एक सागाची पेटी, पांघरुणं ठेवायला, बाहेरून ९०० बाय ४५० मिमी. एक बसायचा बाक, ज्याचे चारही पाय तयार आहेत पण आडव्या पट्ट्यांचा पत्ता नाही. आणि एक भिंतीवरचं कपाट, जे गेले सात महिने भिंतीला टेकून उभं आहे, भिंतीवर नाही. तिघांचे मिळून फोनमध्ये चारशेच्या वर फोटो झालेत आणि घरात आता कोणी बघायला तयार नाही, डव्हटेलचा (कोपऱ्यात दोन फळ्या दातांनी एकमेकींत अडकवायचा सांधा) पाचवा फोटो दाखवला तर "हो हो छान आहे" असं न बघताच उत्तर येतं.

तर प्रश्न असा की हे सगळं इथे टाकायचं कसं? प्रत्येक कामाचा वेगळा धागा काढू, का "माझं सध्या काय चाललंय" असा एकच काढून त्यातच सगळं टाकत राहू, का गप्प बसून एकेक पूर्ण करून मगच दाखवू? वेगवेगळे काढले आणि दोन कामं तशीच राहिली तर दोन अर्धवट धागे कायमचे माझ्या नावावर लागणार. एकच काढला तर पेटीत बाक आणि बाकात कपाट असं होणार. आणि पूर्ण झाल्यावरच टाकायचं म्हटलं तर, खरं सांगतो, जिथे अडतं तिथेच विचारायचं असतं हो, झाल्यावर काय विचारू.

तुम्ही लोक काय करता?

गुण्या

प्रत्येक कामाला वेगळा धागा, दुसरा विचारच करू नका. उद्या कोणी पेटीच्या झाकणाबद्दल शोधत आला तर त्याने तुमच्या बाकाच्या आणि कपाटाच्या तीनशे प्रतिसादांतून का जावं?

आणि हात जोडून विनंती, शीर्षकात काम काय आहे ते लिहा. "माझा छोटासा प्रयत्न" या नावाचे इथे किती धागे असतील ते शोधून बघा एकदा. मला त्यातल्याच एकात कुणीतरी सरकत्या दाराची खाच कशी केली होती ते हवं होतं, तास गेला, मिळालं नाही ते नाहीच. "सागाची पेटी, डव्हटेल, ९०० x ४५०" एवढं लिहिलं तरी पुरे. सुंदर शीर्षक कवितेला ठेवा.

जुनी_करवत

पूर्ण झाल्यावरच टाका. माझं स्पष्ट मत.

अर्धं काम दहा जणांना दाखवलं की दहा मतं येतात आणि दहाही बरोबर असतात, हीच तर पंचाईत आहे. मी एकदा लिहायच्या टेबलाचे फोटो मधेच टाकले. पाय सरळ होते, चौकोनी, मला तसेच हवे होते. एकजण म्हणाला खाली निमुळते करा, हलके दिसतील. केले. दुसरा म्हणाला आता वरचा भाग जड दिसतोय, कडा खालून तिरकी मारा. मारली. तिसरा म्हणाला पाय थोडे बाहेर झुकवायला हवे होते. इथे मात्र मी रंधा खाली ठेवला. टेबल झालं, वापरात आहे, पण मी त्यावर बसतो तेव्हा मला वाटतं हे दुसऱ्या कुणाचं तरी टेबल आहे.

अर्ध्या कामाला नजर लागते म्हणतात. नजर नाही लागत, सल्ला लागतो.

वाचनमात्र

काका शेवटचं वाक्य भारी. पण आमच्यासारख्या नवशिक्यांचा पण विचार करा की, पूर्ण झालेल्या टेबलाचा चकचकीत फोटो बघून आम्हाला काहीच कळत नाही, फक्त न्यूनगंड येतो. आम्हाला ती फळी फाटली तेव्हा तुम्ही काय केलं ते बघायचं असतं.

एक_मिमी_कमी

काका, मी एकदम उलट्या बाजूचा. माझा बाक या सल्ल्यांनीच वाचला.

झालं असं की चार पाय, प्रत्येकाला शेजारच्या दोन बाजूंवर, वेगवेगळ्या उंचीला, कुसवासाठी (पट्टीचं बारीक केलेलं टोक, ते पायात बसतं) भोकं पाडायची. डावे पाय आणि उजवे पाय एकमेकांचे आरशातले असतात हे मला माहीत होतं, तोंडपाठ होतं म्हणा. चारही पायांची भोकं पटाशीने साफ केली, ओळीने मांडले आणि खुशीत फोटो टाकला, "भोकं झाली!!" असा. वीस मिनिटांत एका ताईंचा प्रतिसाद, "तिसरा पाय फिरवून बघा हो". फिरवला. उलटा करून बघितला. आडवा करून बघितला. तीन डावे आणि एक उजवा. पाय कुठलाही कसाही फिरवा, डाव्याचा उजवा होत नाही.

त्या दिवशी एकच पाय नवीन करावा लागला. मी तसाच पुढे गेलो असतो तर बाकीच्या पट्ट्या कापून, कुसवं करून, जोडायच्या दिवशी हातात गोंद घेऊन कळलं असतं. तेव्हापासून चारही पाय एकत्र धरून, वरच्या टोकांवर मिळून एकच मोठा त्रिकोण पेन्सिलने काढतो, म्हणजे प्रत्येक पायावर त्या त्रिकोणाचा एक तुकडा येतो आणि कुठला कुठे ते चुकत नाही. हे पण इथेच शिकलो.

गुण्या

@एक_मिमी_कमी, तो धागा आठवतोय :) त्याचं शीर्षक काय होतं सांगू का?

एक_मिमी_कमी

नको.

टणत्कार

व्हिडिओ करा ना सरळ. फोन स्टँडवर लावा, टाइमलॅप्स चालू करा आणि कामाला लागा, फोटो काढायला सारखं थांबायचं झंझटच नाही. दर ५ सेकंदाला एक फ्रेम धरली तर एका तासाच्या ७२० फ्रेम होतात, आणि सेकंदाला ३० ने चालवलं तर २४ सेकंदांची क्लिप. अख्खा शनिवार तीन-चार मिनिटांत! लोकांना बघायला पण मजा येते.

गुण्या

मजा येते, मान्य. पण त्या २४ सेकंदांत खतरा झालेला भाग अर्धा सेकंद असतो. मला त्या अर्ध्या सेकंदात रस आहे आणि तिथे नेमकं तुमचं डोकं मधे आलेलं असतं.

टणत्कार

हाहा, हे खरंय. डोक्याचं नाही म्हणत, अर्ध्या सेकंदाचं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एका छोट्या स्टुलाचा व्हिडिओ जोडायला मला दोन रात्री लागल्या, स्टूल त्याच्या निम्म्या वेळात झालं होतं. मधल्या काळात तर मी कॅमेऱ्याला बरं दिसावं म्हणून वर्कबेंच झाडत होतो. म्हणजे काम कुठलं आणि शूटिंग कुठलं तेच कळेना.

रेघोटी

उशिरा आले पण जरा लांबण लावते, कारण मी या तिन्ही पद्धती करून बसलेय.

आधी दर रविवारी रात्री फोटो टाकायचे. नियमाने. तीन आठवडे छान चाललं, चौथ्या आठवड्यात काहीच काम झालं नव्हतं तर मी काय करावं, फोटोत काहीतरी दिसावं म्हणून ड्रॉवरच्या तळाच्या फळ्या घाईघाईत चिकटवल्या. ओल्या होत्या. पुढे त्यांना असा पीळ पडला की ड्रॉवर ढकलला की तिरका जाऊन अडकायचा. तेव्हा वार ठरवू नका, ही पहिली गोष्ट. हौसेच्या कामाला हप्ता लावला की ती हौस राहत नाही.

मग पूर्ण झाल्यावरच टाकायचं असं केलं. त्यात काय होतं, पॉलिश झालेलं असतं, सगळे म्हणतात वा वा, एखादा म्हणतो अरे इथे असं केलं असतं तर. आता सांगून काय उपयोग!

सध्या जे करते ते असं. लाकडाच्या कामात परत न फिरता येणाऱ्या जागा मोजून तीन असतात. कापायच्या आधी, गोंद लावायच्या आधी आणि पॉलिशचा पहिला हात मारायच्या आधी. बाकी सगळं कमीजास्त सुधारता येतं. मी फक्त या तीन जागी फोटो टाकते. कापायच्या आधी खुणा केलेल्या फळ्या. गोंदाच्या आधी सगळं कोरडं जोडून उभं केलेलं. पॉलिशच्या आधी घासून झालेलं, तेही टॉर्च बाजूने, फळीला जवळजवळ लागून आडवा धरून, कारण समोरून प्रकाश मारला की १२० च्या सँडपेपरचे ओरखडे अजिबात दिसत नाहीत, ते पॉलिशचा हात बसला की दिसतात आणि मग रडायला येतं. आणि टाकून झालं की दोन दिवस थांबते. कोणाला काही दिसलं तर दिसलं, नाही तर पुढे.

आणि काकांचा त्रास होतो तो यासाठी, की आपण नुसता फोटो टाकतो आणि खाली लिहितो "कसं वाटतंय?". आता कसं वाटतंय विचारल्यावर लोक सांगणारच ना, पायांपासून सुरू करतील. मी काय ठरलंय आणि काय ठरायचंय ते वेगळं लिहिते. "पायांचा आकार ठरलाय, त्यावर चर्चा नको. ड्रॉवरच्या पुढच्या फळीला गाठ आहे, ती बाहेर ठेवू की आत, सांगा." एवढं लिहिलं की नव्वद टक्के लोक गाठीबद्दलच बोलतात. उरलेले दहा टक्के पायांबद्दल बोलतात, त्यांना फाट्यावर मारायचं (हलकेच घ्या).

फोटोचं पण सांगते. सांध्याचा जवळून एक आणि तोच सांधा कुठे आहे ते कळेल असा लांबून एक, दोन्ही लागतात. नुसता जवळचा टाकला तर ती फट अर्धा मिमीची आहे का तीनची ते कळत नाही, म्हणून शेजारी पट्टी नाहीतर पेन्सिल ठेवा. गोंद लावताना मात्र फोन दुसऱ्या खोलीत. नेहमीचा पांढरा गोंद पाच-दहा मिनिटांत धरायला लागतो, त्यात क्लॅम्प लावायचे, गुण्याने (काटकोन बघायच्या अवजाराने, आपल्या गुण्याने नव्हे) कोन बघायचे, कर्ण मोजायचे, बाहेर आलेला गोंद पुसायचा, त्यात एका हाताने फोटो काढायचा म्हणजे पुढे तो फोटो चौकट वाकडी का झाली याचा पुरावा म्हणून वापरता येतो.

वाचनमात्र

रेघोटीताई __/\__ वाचनखूण साठवली.

जुनी_करवत

ताई, "ठरलाय, चर्चा नको" असं लिहायचं असतं हे मला तेव्हा सुचलं असतं तर. असो.

लाखदाणा

रेघोटी यांच्याशी सहमत, दोन-तीन गोष्टींची भर.

फोटो जिथे धागा आहे तिथेच अपलोड करा, दुसरीकडे ठेवून नुसती लिंक देऊ नका. २०१७ साली एका मोठ्या फोटो साठवायच्या साइटने फुकटवाल्यांचे फोटो बाहेर दाखवणं एका फटक्यात बंद केलं, तेव्हा जगभरातल्या फोरमवरचे दहा-दहा वर्षांचे धागे आंधळे झाले. मजकूर आहे, "वरच्या फोटोत दाखवल्याप्रमाणे" आहे, वर फोटो नाही. जुने रंधे दुरुस्त करण्यावरचे सुंदर धागे होते हो, अजून हळहळतो. इन्स्टाच्या स्टोरीचं तर विचारूच नका, २४ तासांत गायब.

फोनने काढलेल्या फोटोत बऱ्याचदा जागेचं लोकेशन पण साठवलेलं असतं, ते काढून टाका. घरात कुठली महागाची मशिनं आहेत आणि घर कुठे आहे हे दोन्ही एकाच फोटोत सांगायची गरज नाही.

आणि तिसरं, ज्यावरून माझं इथे भांडण झालेलं आहे. चालू कामाचा फोटो नवशिके नक्कल करायला बघतात. तुम्ही टेबल सॉचं (टेबलात बसवलेल्या फिरत्या करवतीचं) गार्ड काढून काम करत असाल तर ते तुमचं तुम्ही बघा, पण फोटो टाकताय तर लिहा की गार्ड काढलंय आणि का. हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ हात नेलेला फोटो तर टाकूच नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचं पण तेच. तेल मारतानाचे फोटो सगळे टाकतात, पण त्या चिंध्यांचं नंतर काय केलं ते कोणी लिहीत नाही. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटतात. काडी ओढावी लागत नाही. बाहेर एकेक सुटी पसरून वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची. तुमच्या धाग्यात ही एक ओळ असली तर कुणाचं तरी घर वाचेल.

टणत्कार

चिंध्यांचं माहीत नव्हतं!! आत्ता उठून बघून आलो. एक बोळा होता. पाण्यात टाकला.

लाखदाणा

झालं, हा धागा सार्थकी लागला.

चौथा_पाय

थोडं अवांतर. आपण काय करणार ते जाहीर केलं की हातून ते होत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं, तर ते मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००९ मधलं संशोधन आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की "मी अमुक होणार" अशा ओळखीशी जोडलेला बेत दुसऱ्यांनी ऐकून घेतला की माणसाला तिथेच थोडं झाल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात मेहनत कमी होते. मला हे तंतोतंत लागू पडतं. "आता वर्कबेंच करणार" असा धागा मी काढला होता, आराखडा टाकला, ऐंशी प्रतिसाद आले, इतकं छान वाटलं की वर्कबेंच केलंच नाही.

गुण्या

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) :))

चौथा_पाय

@गुण्या, अजून लोक तिथे पुभाप्र लिहून जातात. मी तिकडे फिरकत नाही.

रेघोटी

@चौथा_पाय, म्हणूनच मी बेत टाकत नाही, खुणा केलेली फळी टाकते. फळी आणलेली असते, पैसे गेलेले असतात, करणं भागच असतं.

शनिवार_सुतार

बापरे, दोन दिवस आलो नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार. रेघोटीताई, तुमच्या तीन जागा पटल्या. गुण्या, शीर्षकाचं लक्षात ठेवतो. काका, तुमचं पण पटलं, पण आता अडलोय.

मग ठरवलं असं की पेटीचा धागा वेगळा काढेन, बाकाचा बाकाला हात लावीन तेव्हा, आणि कपाटाचं कोणी विचारू नका. वार ठरवणार नाही. गोंद लावायच्या आधी टाकेन.

आणि योगायोग बघा, आज संध्याकाळी गोंदच लावायचा आहे. वेगळा धागा काढायच्या आधी सराव म्हणून इथेच टाकतो.

[फोटो १: झाकण उलटं ठेवलंय, चार फळ्या कडेला कड चिकटवून केलेलं]
[फोटो २: झाकणाच्या आडव्या बाजूने दोन पट्ट्या, पेन्सिलच्या खुणा, शेजारी स्टीलची पट्टी]

झाकण ९२० लांब, ४६० रुंद, म्हणजे पुढे १० मिमी बाहेर राहतं, मागे बिजागऱ्या. फळ्यांना बाक येऊ नये म्हणून खालून दोन पट्ट्या, फोटोत दिसतायत त्या, ४३० च्या. प्रत्येकीला पाच स्क्रू आणि वर भरपूर गोंद. पेटीचं खोकं झालंय, डव्हटेल चिकटवून, २० मिमी जाड फळ्या. ठरलेलं: झाकणाची मापं, पट्ट्यांची जागा. ठरायचंय: स्क्रूची डोकी बुडवून वर लाकडाची बुचं मारू का, की तशीच दिसू देऊ?

रेघोटी

थांबा!!! गोंद लावला का?

शनिवार_सुतार

नाही, बाटली उघडलीय फक्त. का हो?

रेघोटी

बंद करा आधी.

तुमच्या झाकणाच्या फळ्यांची लांबी ९२० च्या दिशेने आहे, बरोबर? लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही, रुंदीत हलतं. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आकसतं. तुमच्या पट्ट्या झाकणाला आडव्या आहेत, म्हणजे पट्टीची लांबी झाकणाच्या रुंदीवर. झाकण हलायला बघणार, पट्टी हलणार नाही आणि मधे गोंद घट्ट. एक तर झाकण फाटेल, नाहीतर धनुष्यासारखं वाकेल.

साग तसा कमी हलणारा म्हणून चांगला. तरीसुद्धा हिशोब करा. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सपाट कापलेला साग (ज्यात वर्षवलयं फळीच्या रुंदीला जवळजवळ समांतर असतात) रुंदीत साधारण ५ टक्क्यांच्या थोडा वर आकसतो. ते सगळं आकसणं ओलाव्याच्या साधारण ३० टक्क्यांपासून खाली होतं, म्हणजे ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.१८ टक्के. वर्षभरात लाकडातला ओलावा ४ टक्के वरखाली झाला असं धरलं तर तुमच्या ४६० ला तीन मिमीच्या आसपास. तीन मिमी तुमचा गोंद अडवून धरणार आणि लाकूड ऐकणार नाही.

उपाय सोपा आहे. गोंद अजिबात नको. पाचातला मधला स्क्रू घट्ट. बाकी चारांची पट्टीतली भोकं झाकण ज्या दिशेने हलतं त्या दिशेने लांबट करायची, शेजारीशेजारी दोन भोकं पाडून मधलं कानशीने काढलं की झालं. आणि स्क्रू खाली सपाट असलेल्या गोल डोक्याचे, वॉशर घालून. बुडवायच्या डोक्याचे वापरले तर ते शंकूसारखे भोकात रुतून बसतात आणि लांबट भोकाचा उपयोगच जातो. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आलं, बुचं नकोत.

शनिवार_सुतार

ताई, पायावर डोकं. मी तर पट्टीला गोंद लावायला ब्रश पण भिजवून ठेवला होता. एक शंका, मधलाच का घट्ट? मागचा, बिजागरीकडचा केला तर?

रेघोटी

तोही चालतो की. मधला घट्ट केला तर हालचाल दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटली जाते. मागचा केला तर सगळी पुढच्या कडेला जाते, तिथे तुम्ही १० मिमी बाहेर सोडलंय, तीन सहज मावतील. बिजागरीजवळ काही सरकत नाही हा फायदाच. मागचाच करा, तुमची कल्पना जास्त बरी आहे. मागच्या स्क्रूपासून जितकं पुढे, तितकं भोक जास्त लांबट.

लाखदाणा

आणि पॉलिश करणार असाल तर झाकणाला आतून पण तेवढेच हात मारा. वरून चार आणि खालून शून्य असं केलं की दोन्ही बाजूंनी ओलावा सारखा येत-जात नाही, मग पट्ट्या असल्या तरी बाक येतो. पेटी उघडल्यावर आत कोण बघतंय म्हणून सगळे सोडतात.

एक_मिमी_कमी

बघा काका! वाचली ना पेटी?

जुनी_करवत

वाचली, वाचली. मी कधी म्हटलं सगळेच सल्ले वाईट असतात. आकार आणि आवड यात कुणी बोट घालू नये एवढंच माझं म्हणणं होतं. हे लाकडाच्या स्वभावाचं आहे, हे सांगायलाच हवं.

आता मी पण एक विचारतो, शनिवारराव. पेटी बाहेरून ४५० ना?

शनिवार_सुतार

हो काका.

जुनी_करवत

फळी २० ची.

शनिवार_सुतार

हो.

जुनी_करवत

म्हणजे आतून किती राहिली?

शनिवार_सुतार

४१०

शनिवार_सुतार

अरे देवा.

गुण्या

मी फोटो तीनदा बघितला, तिथे स्टीलच्या पट्टीवर ४३० स्वच्छ दिसतंय, आणि माझं लक्ष झाकणाच्या रेघांवर! ४३० ची पट्टी ४१० च्या पेटीत. झाकण कायम उघडं राहणारी पेटी, हवेशीर.

टणत्कार

😂😂 हे व्हिडिओत कुणालाच दिसलं नसतं, मान्य.

वाचनमात्र

मला तर आत्ता बेरीज-वजाबाकी करून कळलं.

एक_मिमी_कमी

शनिवारराव, वाईट वाटून घेऊ नका, माझ्या नावाचा इतिहास पण असाच आहे.

शनिवार_सुतार

सगळ्यांना अपडेट. पट्ट्या ३९० च्या केल्या, दोन्हीकडे दहा-दहा मिमी मोकळे, आणि टोकं जरा तिरकी घासली म्हणजे झाकण बंद करताना कडेला अडणार नाहीत. नशिबाने लांबच होत्या, कापायला लाकूड होतं, आखूड असत्या तर नवीन कराव्या लागल्या असत्या. टोकं कापल्यावर कडेची दोन भोकं टोकाच्या फारच जवळ आली, ती बुचं मारून बुजवली आणि आत सरकवून नवीन पाडली. मागचं गोल, बाकीची लांबट. कानशीने सारखी करताना एकाची कड फुटली, पण ती खालच्या बाजूला आहे. गोंदाची बाटली बंद. झाकण ठेवून बघितलं, बसतंय.

[फोटो ३: झाकण उलटं, पट्ट्या जागेवर, स्क्रू अजून घट्ट केलेले नाहीत]
[फोटो ४: पेटी बंद]

काका, खरंच आभार. तुम्ही नसता विचारलं तर मी गोंद लावला नसता, भोकं लांबट केली असती, सगळं अगदी ताईंनी सांगितल्यासारखं केलं असतं आणि मग झाकण लावायला गेलो असतो.

पेटीचा वेगळा धागा आज रात्री काढतो. शीर्षक "सागाची पेटी ९०० x ४५०, डव्हटेल, सरकत्या स्क्रूंचं झाकण". चालेल ना गुण्या?

गुण्या

धावेल.

रेघोटी

तिकडे पहिल्या प्रतिसादात ही चूक पण टाका, फोटो २ सकट. काढून टाकू नका.

शनिवार_सुतार

टाकतो. लाज वाटतेय, पण टाकतो.

जुनी_करवत

माझं मत अजून तेच आहे, पूर्ण झाल्यावरच टाकावं.

बिजागऱ्या कुठल्या लावताय? झाकण जड आहे, ९२० ला दोन पुरणार नाहीत असं फोटोवरून वाटतंय. आणि मागची कड जरा जवळून दाखवा.